रुपाने सुरत निवडलं

सारंगखेड्याच्या सुकलाल पाटलांची रुपा जन्मापासून डाव्या पायाने अधू. पायाला आधाराचं कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चालायची. तापीवरच्या बॅरेजचे दरवाजे उघडले की पाणी बघायला सगळ्यांच्या आधी तीच पोहोचायची, आणि तिथेच तिच्या डोक्यात सिव्हिल इंजिनिअरिंगचं वेड शिरलं. बारावीनंतर तिला दोन विद्यापीठांत जागा मिळाली. एक पुण्याजवळचं नवं, खासगी. दुसरं सुरतेचं, जुनं.

दोन्ही बघून मग ठरवायचं, असं रुपा म्हणाली. सुकलाल तिला घेऊन आधी पुण्याला गेले.

ते विद्यापीठ बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. जिथे तिथे रॅम्प, प्रत्येक इमारतीत लिफ्ट, वसतिगृहात तळमजल्यावरची खोली. प्रवेश विभागातले सर तर फारच चांगले. चहा मागवला, रुपाची मनापासून विचारपूस केली आणि म्हणाले, "प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नका. सर्व्हे असो, साइट असो, हिला सूट मिळेल. तेवढे मार्क आम्ही बघून घेऊ."

सुकलालनी हात जोडले.  परतीच्या बसमध्ये रुपाने विचारलं, "बाबा, पूल बांधानं शिकानं, आन पूलवर जावानं नही?"



पुढच्या आठवड्यात दोघं नंदुरबारहून गाडीने सुरतेला गेले. इथे उलटाच प्रकार. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि सिव्हिल विभाग दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या.

"चाल, माघारी जाऊत," सुकलाल म्हणाले.

"वर तर जाऊ द्या, बाबा."

कठडा धरून, कुबडी एकेक पायरी वर ठेवत ती चढली. वर पोहोचली तेव्हा घामाने ओढणी भिजली होती. विभागप्रमुख देसाई मॅडम सुरतेच्याच उधन्यात खानदेशी शेजाऱ्यांत वाढलेल्या, त्यामुळे मराठी छान बोलायच्या. त्यांनी रुपाला पाणी दिलं. मग तिच्या कुबडीकडे बघत सरळच विचारलं, "सर्व्हेचं यंत्र मैदानात कसं लावशील?"

"माहीत नाही मॅडम," रुपा म्हणाली. "आता लावून बघू?"

मॅडम उठल्या.

मैदानात जमीन मोजायचं यंत्र आणि ते बसवायची तीन पायांची तिवई आणली गेली. मॅडमनी एकदा लावून दाखवली, मग मिटून रुपाच्या हातात दिली. एका हातात कुबडी, दुसऱ्या हाताने तिवई उघडायची. पहिल्यांदा तिवई सरकली आणि रुपा तिच्यासकट आडवी झाली. सुकलाल धावले.

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या. "तिला मदत हवी असेल तर ती मागेल."

रुपाने मागितली नाही. ड्रेसची माती झटकून ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा तिवई कलली. मग तिने कुबडी बाजूला टाकली आणि चक्क जमिनीवर बसली. बसल्या बसल्या सरकत तिने तिवईचा एकेक पाय हाताने जमिनीत दाबून घट्ट रोवला. उठून कुबडी काखेत घेतली, यंत्र वर बसवलं आणि ते पातळीत आणायला स्क्रू फिरवू लागली. काचेतला बुडबुडा इकडून तिकडे पळत होता. शेवटी तो मधोमध येऊन थांबला.

मॅडमनी वाकून बघितलं. "बरोबर आहे. पण फार वेळ लागला. सराव करावा लागेल."

रुपा हसली. कपाळावर मातीचा पट्टा, आणि असं तोंडभर हसू सुकलालनी बारावीच्या निकालादिवशीही पाहिलं नव्हतं.

"मॅडम, आमचा वर्ग खाली आणता येईल?" तिने विचारलं.

"वर्ग आणू. तसा अर्ज दे. काँक्रीटची लॅब खालीच आहे, एवढी जड मशिनं वर कोण नेणार? पण तिथे सूट मिळणार नाही हं. काँक्रीटचे घन, ते जड ठोकळे, उचलायला कुणाला तरी जोडीला घे, बाकी सगळं तूच करायचंस."

घरी आल्यावर रुपाची आई रंजनाबाई चिडल्या. "तठे लिफ्ट शे, सगळं शे, आन तुले जिना चढना शे?"

"आई, तठे माले बसाडी ठेवतीन," रुपा म्हणाली. "माले काम शिकनं शे."

रंजनाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पुण्याचं नाव गावभर सांगून बसलेले सुकलाल म्हणाले, "मी मैदानात दखं तिले. जाऊ दे सुरतले."

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. रुपाचा गणिताचा पेपर राहिला, पावसाळ्यात विभागात जाताना जिन्यावर पडून हात मुरगळला. गणित तिने पुढच्या परीक्षेत पास केलं. हाताचं घरी कळवलंच नाही.

दुसऱ्या वर्षी सुकलाल मळ्यातली केळी घेऊन भेटायला गेले, तर ती लॅबमध्ये होती. ते दाराबाहेर उभे राहिले. आत दाब देऊन ताकद मोजायच्या मशिनीत काँक्रीटचा घन ठेवलेला, रुपा काट्यावर नजर लावून आकडे सांगत होती आणि मैत्रीण लिहून घेत होती. एवढ्यात घन कडाडून फुटला. दोघी ओरडल्या, आनंदाने.

बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत सिमेंटने राखाडी झाले होते.

"इतला उशीर?" सुकलाल म्हणाले.

"फुटतच नव्हता, बाबा. आम्हीच बनाडेल ना, पक्का शे!"

हात भरलेले म्हणून सुकलालनी केळं सोलून तिच्यापुढे धरलं. ती उभ्या उभ्याच खात, मशीन कसं चालतं ते सांगत राहिली. त्यांना त्यातलं निम्मंच कळत होतं, पण ते एकही शब्द न सोडता ऐकत होते.