सीटचा घास

गाडी आली ती क्रेनच्या आकड्याला लोंबकळत, आणि तिच्या बॉनेटातून उगवलेली बाभूळ अजून तशीच होती, कारण परतूरच्या भंगारवाल्यानं झाड तोडायचा कंटाळा केला होता आणि बेबीनंदानं त्याला ठणकावून सांगितलं होतं, की राहू दे, सावलीसकट घेऊन जाते. वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर त्या सकाळी चहावाला, पंक्चरवाला, खताच्या दुकानातले हमाल, सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. छप्पन सालची डॉज. अमेरिकन घाटाची, बैलगाडीच्या दुप्पट लांब, मागं माशाच्या परांसारखे दोन उभे पंख, पुढं दात विचकल्यासारखी क्रोमची जाळी. चाकांच्या जागी नुसत्या गंजक्या थाळ्या. माणसं हसली. बेबीनंदाही हसली, पण तिचं हसणं अंगणात नवी नवरी उतरावी तसं होतं, आणि तिला ते लपवायची गरज वाटली नाही.

"छप्पन साली दीक्षा घेऊन आपली माणसं नव्यानं जन्मली," ती जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी त्याच साली जन्मले, आन् ही पण. तिघांतलं एक बी भंगारात जाणार न्हाई."

चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या होत्या. जीप, ट्रॅक्टर, काळीपिवळी, ट्रकच्या केबिनी. नवरा भिवा अकाली गेला, पदरात भारत होता, आणि शिवणकाम शिकवायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तिनं एका मोडक्या जीपची सीट मागून आणली, टाका टाका उसवून पाहिली आणि उसवता उसवता शिवणं शिकली. उलट्या दिशेनं शिकलेल्या माणसाचा हात जगावेगळा पडतो. बाकीचे कारागीर शेवटी मशीन मागं फिरवून शिवण पक्की करतात. हे तिला कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती हातानं तीन गाठी मारी आणि दोऱ्याचं टोक अशा रीतीनं आत खोवी, की कोंबडीचा पाय उमटल्यासारखा दिसे. पुढं खरी रीत कळली तेव्हा तिनं नाक मुरडलं. माझी काय वाईट आहे? एक तरी सीट उसवून आली का परत?

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिची आई वाकळ शिवायची, आणि शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी भाकरीचा लहानसा घास त्यात ठेवायची. वाकळ उपाशी ठेवू नये. उपाशी वाकळ माणसाची झोप खाते. बेबीनंदानं नवस सोडले, अंगात येणाऱ्या बायांना तोंडावर खोटं म्हटलं, विहारात उभं राहून अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली. पण तो घास काही सुटला नाही. प्रत्येक सीटच्या शेवटच्या कोपऱ्यात ती ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा सारी आणि मगच गाठी मारी. ड्रायव्हर हसले असते म्हणून सांगितलं नाही, आणि स्वतःची लाज वाटायची म्हणूनही.

ही डॉज तिची पहिली अख्खी गाडी. नुसती सीट नव्हे, नखशिखांत. इंजिनाचं काम कारभारीकडं होतं. कारभारी म्हणजे शेजारच्या गॅरेजचा मेस्त्री, साठीचा, तोंडाचा फटकळ. भर रस्त्यावर तिनं "ओ कारभारी" अशी हाक मारली की वाटसरू चमकून बघायचे, ही म्हातारी नवऱ्याला बोलावतेय की काय, आणि तो मुद्दाम लाजून दाखवायचा. सीटा, पत्रा आणि रंग तिच्याकडं.

हौस एवढीच असती तर गोष्ट निराळी. पण या गाडीवर तिनं आपलं दुकान पणाला लावलं होतं. भारत संभाजीनगरला शिक्षक, बायको, मुलगी अक्षता, तीन खोल्यांचा फ्लॅट. त्याचं म्हणणं, माय, आता शटर खाली ओढ आणि आमच्याकडं चल, तू विसरून राह्यली. गॅस चालू राहिला होता एकदा. आणि तिनं एकाच गिऱ्हाइकाच्या जीपची सीट दोनदा शिवली होती. नवीकोरी शिवलेली सीट उसवून पुन्हा पहिल्यापासून. त्यावर बेबीनंदा फणकारली होती, की पहिली मनासारखी झाली नव्हती, आणि ज्यानं आयुष्यात एक टाका घातला नाही त्यानं मला शिकवू नये. बोलता बोलता पैज लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारत येईल. तिनं गाडी स्वतः चालवत पाटाच्या पुलापल्याड न्यायची आणि परत आणायची. जमलं तर तो पुन्हा नाव काढणार नाही. न जमलं तर शटर, कुलूप, फ्लॅट, आणि सकाळ-संध्याकाळ सुनेच्या नजरेखालच्या गोळ्या.

त्या दिवसांत ती वयानं निम्मी झाली. पहाटे उठून गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. बाभूळ मुळासकट निघाली तेव्हा तिच्या काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले, आणि ती ते ओरखडे चहावाल्याला मेंदी दाखवावी तसे दाखवत हिंडली. गंज खरवडला की खालचा पत्रा रुप्यासारखा लखलखायचा. तिला वाटायचं, आपण रंग काढत नाही, कुणाला तरी झोपेतून उठवतोय. जालन्याच्या लेथवर कारभारीनं पिस्टन बसवून आणले, फुटलेली जाळी क्रोमला दिली, आणि रोज काहीतरी नवं चमकत परत येऊ लागलं.

पुढची सीट उघडायची वेळ आली. बाकासारखी अख्खी सीट, तिघं मांडीला मांडी लावून बसतील अशी. कातड्याच्या कडा खिळ्यांनी ठोकलेल्या, आणि खिळे लाकडात गंजून एकजीव झालेले. कारभारीनं छिन्नीनं एकेक खिळा फोडून काढला आणि तळहातावर तो तांबडा चुरा तिला दाखवला, की बाई, आपल्या पोरांच्या जन्माच्या आधीपासून हिला कुणी हात लावलेला न्हाई. वरचं कातडं निघालं. आतलं जुनं कापड दिसलं. आणि त्या कापडाच्या डाव्या कोपऱ्यात, दोऱ्याच्या टोकाला, कोंबडीचा पाय.

बेबीनंदा आधी खूश झाली. अगदी मनापासून. म्हणजे आपल्यासारखीच कुणीतरी बाई होती, कुणी न शिकवता शिकलेली. तिनं नखानं टाका उचकटला, काथ्यात बोट घातलं, आणि बोटाला काहीतरी कडक लागलं. बाहेर काढून तिनं ते उन्हात धरलं. भाकरीचा तुकडा होता. वाळून लाकडाच्या ढलपीसारखा झालेला, पण मुंगी न लागलेला.

कारभारी तिच्या खांद्यावरून वाकून कोपरा बघत होता. "तुमच्याच हातची दिसती की, बाई," तो म्हणाला. "कवा शिवल्ती?"

"तुझ्या बापाच्या लग्नात."

तो हसला. मग हसता हसता त्याची नजर हातातल्या खिळ्यांच्या चुऱ्यावर गेली, आणि तो उठून गॅरेजात पाणी प्यायला गेला. त्या कोपऱ्याचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

तिनं गाठी मोजल्या. चार होत्या. पुन्हा मोजल्या, चारच. तिला एवढं हायसं वाटलं की ती एकटीच मोठ्यानं हसली. आपण तीन मारतो, चाळीस वर्षांत कधी चौथी मारली नाही. ही दुसरी बाई. तिच्या आईनंही तिला वाकळ शिकवली असेल. वाकळ काय एकटीच्या आईची असते? तो तुकडा तिनं खडूच्या डबीत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. भारतला हे सांगायचं नाही, हे तिनं त्याच वेळी ठरवलं. त्यानं तो कोपरा पाहिला असता तर गाडीबद्दल एक शब्द विचारला नसता. नुसतं तिच्याकडं बघितलं असतं.

रंग तिनं अंथरुणात पडल्या पडल्या ठरवला होता. मोरपंखी. कुणाला सांगितलं नाही, कारण सगळ्यांनी नावं ठेवली असती. जालन्याच्या रंगवाल्यापुढं ती दुपारभर ठाण मांडून बसली. जरा निळा टाक, आता हिरवा, आता काळ्याचा एकच थेंब. तो कंटाळला, पण शेवटी डब्यात जे तयार झालं ते मोराच्या मानेवर ऊन पडल्यासारखं होतं. डबा मांडीवर घेऊन ती एसटीनं परत आली, आणि त्याच संध्याकाळी डॅशबोर्डच्या खालचा, हात न पोचणारा पत्रा घासायला घेतला. वर मळकट पांढरा निघाला. त्याच्याखाली काळा. त्याच्याखाली, पत्र्याला लागून, वीतभर पट्टा मोरपंखी.

तिनं डब्यात बोट बुडवलं आणि त्या पट्ट्याच्या शेजारी ओढलं. कुठं जुना संपतो आणि कुठं ओला सुरू होतो, ते चकाकीवरूनच कळत होतं. वाळला तेव्हा तेही कळेना.

मग तिनं पॉलिश पेपर घेतला आणि तो पट्टा घासायला लागली. कोपर भरून आलं तरी घासत राहिली, पार पत्रा उघडा पडेपर्यंत. तिच्या चार, माझ्या तीन. तिच्या चार, माझ्या तीन, असं ती दळताना ओवी म्हणावी तसं म्हणत होती, आणि पत्रा लख्ख झाल्यावर तिला खरोखर बरं वाटलं. पुसलेल्या पाटीवर नव्यानं लिहायला मिळाल्यासारखं.

इंजिन ज्या दिवशी लागलं त्या दिवशी हमरस्त्यावर दिवाळी झाली. आधी खोकलं, मग मागच्या नळीतून निळा धूर, मग घशातल्या घशात घुमणारा असा भारदस्त आवाज, की पिंपळावरच्या साळुंक्या उडाल्या. बेबीनंदानं कारभारीच्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की तो पुढच्या जाळीवर पडता पडता वाचला. नवी सीट तिनं मधाच्या रंगाच्या रेक्झिनची शिवली, कडेनं पांढरा गोट, आणि एक कोपरा उघडा ठेवला. ती तिची नेहमीची पद्धत. सीटवर एकदा माणसांचं वजन पडू द्यायचं, स्प्रिंगा आपापल्या जागी बसू द्यायच्या, मग सैल पडलेलं कापड ताणून शेवटचा कोपरा बंद करायचा.

भारत आणि अक्षता आले तेव्हा ती पांढरी साडी नेसून दारात उभी होती, मागं मोरपंखी गाडी उन्हात झळाळत होती. भारत पुढं तिच्या शेजारी बसला, तिचे हात, तिचे पाय, तिचे डोळे परीक्षेच्या वर्गात फिरावं तसं तपासत. अक्षता मागं. या गाडीचा गियर पायाशी नाही, स्टिअरिंगच्या दांडीवर. बेबीनंदानं तो न बघता टाकला. कारभारीनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि गाडी रस्त्याला लागली. मोसंबीच्या बागा, ऊस, उसाच्या ट्रॉल्या, बघून मान वळवणारी माणसं. ती मोठ्यानं हसत होती. असं सुख तिला लग्नात झालं नव्हतं.

पाटाचा पूल आला. गाडी चढली, उतरली, इंजिनाच्या गरमीचा काटा जागचा हलला नाही. पल्याड वळवून तिनं गाडी पुन्हा पुलावर घेतली तेव्हा भारतनं पाठ सीटला टेकली.

"जिंकली तू, माय," तो म्हणाला. "दुकान तुझं. मी पुन्हा नाव काढणार न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भारतनं निवांतपणे कोपर खिडकीबाहेर टाकलं आणि कठड्याखालच्या पाण्याकडं बघत सहज म्हणाला, "मागच्या खेपेला इथंच गरम झाल्ती. बादलीनं पाणी मीच आणून ओतलं."

"आन् आजी चिडून म्हणली, आता पुढच्या खेपेला मोरपंखी," मागून अक्षता म्हणाली.

बेबीनंदानं आरशात बघितलं. अक्षता पाण्यावरचे बगळे बघत होती. तिनं भारतकडं बघितलं. त्याला लहानपणापासून थट्टा करता येत नसे. शाळेतल्या पोरांनाही ते ठाऊक होतं. एकच प्रश्न विचारायचा होता, दोन-तीन शब्दांचा, आणि तो तिच्या ओठांच्या आत येऊन उभा राहिला होता. पण तो विचारला की शटर खाली येणार, त्याचा खडखडाट तिला आत्ताच ऐकू येत होता.

"मंग," ती म्हणाली. "विसरते का काय मी?"

भारत समाधानानं हसला.

दुकानासमोर पेढे वाटले गेले. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. माणसं गाडीत बसून फोटो काढून घेत होती, कारभारी प्रत्येकाला इंजिन उघडून दाखवत होता, आणि भारत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की माझ्या मायनं केली, एकटीनं. बेबीनंदा घरात गेली, दुरडीतली भाकरी घेतली, सुई-दोरा घेतला आणि पुढच्या सीटशी येऊन गुडघ्यांवर बसली. कापड ताणलं. भाकरीचा एक तुकडा मोडून काथ्यात सारला. कोपरा शिवला. एक, दोन, तीन.

दोरा तोडायला तिनं दातांत धरला आणि थांबली. पुढं कधी कुणी बाई हा कोपरा उघडील, तिला ओळखू यावं, की ही बाई वेगळी होती. तिचा जीव उगाच घाबरू नये. एवढंच तिच्या मनात आलं. तिनं दोरा दातांतून सोडला, सुई पुन्हा कापडात घातली, आणि आणखी एक गाठ मारली.