पैलवानाची रिकामी काच

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आता मी दमलो आहे. बल्गेरियातल्या रझग्रादच्या एका दवाखान्यात पस्तीस वर्षे मी एकच काम केले. ज्या घरात मूल होत नाही, त्या घरातल्या पुरुषाचे बीज तपासायचे, त्यात शुक्राणू आहेत की नाहीत ते दाखवायचे. ज्या कारागिराने माझी भिंगे घासली त्याने मला डोळा लावून "छान" म्हटले होते. त्यानंतर फारसे कौतुक वाट्याला आले नाही. वाईट बातमी सांगणाऱ्याला कोण शाबासकी देतो?

पुरुष आमच्याकडे यायचेच उशिरा. आधी बायकोच्या तपासण्या, मग काढे, मग नवस, आणि सगळे थकले की शेवटी तो. क्रुम पैलवानही तसाच आला, लग्नाला सात वर्षे झाल्यावर. त्याची बायको नेवेना बाहेर बाकावर बसली होती. शेजारी सासू, त्सोनाबाई.

"किती काढे पाजले हिला," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. "पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षी कूस उजवली नाही, तर माहेरी नेऊन सोडणार आहे."

त्या दिवशी माझ्या काचेखाली शुक्राणू थोडे होते, पण होते. प्रयोगशाळेच्या डॉक्टर पेंकाबाई म्हणाल्या, "दोष तुझ्याकडे आहे, क्रुम. सिगारेट सोड आणि सहा महिन्यांनी ये."

क्रुमने बाहेर जाऊन एवढेच सांगितले, "माझं ठीक आहे." मग आखाड्यातल्या सोबत्यांकडून तो पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घेऊ लागला. मर्दपणा वाढला की मूल होणारच, अशी त्या सगळ्यांची समजूत. त्याची मान रुंद झाली आणि सेंट जॉर्जच्या जत्रेत त्याने इनामाचा मेंढा जिंकला. आमच्या भागात मेंढा जिंकणाऱ्याला कोणी उणे बोलत नाही. गावाचे बोट मग नेवेनाकडेच वळले.

दुसऱ्या खेपेला काच रिकामी निघाली. पेंकाबाईंनी तीनदा पाहिले.

"एकही नाही."

"तुमचं यंत्र म्हातारं झालंय, बाई," क्रुम म्हणाला. "परवाच मेंढा आणलाय मी."

"मेंढ्याचं कौतुक मला नको सांगूस. काय टोचून घेतोस?"

त्याने मान खाली घालून सांगितले.

"अरे, बीज तयार होतं तिथल्या पेशींना ग्राही असतात. प्रथिनंच ती, पण पेशींचे कान समज. मेंदू संप्रेरकाची हाक मारतो, ते कान ऐकतात, आणि मग काम सुरू होतं. तू बाहेरून इतकं ओतलंस की मेंदूला वाटलं, भरपूर आहे. त्याने हाक मारणंच सोडलं. रक्तात पूर आणि आत दुष्काळ. कान शाबूत आहेत रे, पण त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही."

"मग आता?"

"सुई बंद. ताकद उतरेल, कुस्त्या हरशील. वर्षभर लागेल, आणि खात्री मी देणार नाही."

क्रुमने वरिष्ठांकडे माझी तक्रार केली. पडद्याचे नवे यंत्र आले आणि मी कपाटावर गेलो. अंगावर साधे फडकेही कोणी टाकले नाही. मला वाईट वाटले, ते लपवत नाही.

वर्षभराने क्रुम आला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. नव्या यंत्राने पुन्हा शून्यच दाखवले. पेंकाबाईंचे मन मानेना. त्या स्टुलावर चढल्या, मला उतरवले, भिंगे पुसली. नमुना गाळ खाली बसवणाऱ्या चक्रात वेगाने फिरवला आणि तळाचा गाळ थेंबाथेंबाने माझ्याखाली ठेवला. माझा स्क्रू अडकत होता, डोळे शिणले होते. अकराव्या थेंबात एक शेपटी हलली. मग आणखी दोन.

"तीन आहेत," पेंकाबाई म्हणाल्या. "जिवंत आहेत. सुरुवात झाली."

दार उघडेच होते. त्सोनाबाई आत आल्या, मागोमाग नेवेना. "म्हणजे माझा मुलगा धडधाकट आहे. चल गं, तुझं सामान बांधू."

या दारात गप्प बसणारे खूप पुरुष मी पाहिले आहेत. मोजण्यापेक्षा त्यानेच मी जास्त दमलो. क्रुम मात्र आईच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"आई, कमी माझ्यात होती," तो म्हणाला. "जे होतं तेही मी सुईने घालवलं. हिच्यात काहीच खोट नाही."

"कधीपासून ठाऊक होतं?" नेवेनाने विचारले.

"पहिल्या तपासणीपासून."

"त्यानंतरही मी काढे प्याले, क्रुम."

ती माझ्याजवळ आली आणि तिने वाकून डोळा लावला. बराच वेळ पाहिले. माझी काच ओली झाली.

"सासूबाई, तुम्हीही बघा."

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. काम झाले की आमच्यावर फडके टाकत जा, आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी एकदा वाकून पाहत जा. त्सोनाबाई वाकायला तयार नव्हत्या. नेवेनाने त्यांचा हात धरला आणि त्यांना माझ्यासमोर स्टुलावर बसवले.