शिंप्याच्या दारावरची घंटा

सासऱ्यांच्या कानांनी हळूहळू संप पुकारला, तेव्हा जावयानेच पुढाकार घेतला. सासरे शिंपी. ते मागच्या खोलीत मशीनवर वाकलेले असायचे आणि पुढच्या दारातलं गिऱ्हाईक घंटा वाजवून कंटाळून निघून जायचं. जावई प्रोग्रॅम लिहिणारा. त्याने दाराला एक बटण बसवलं. ते दाबलं की सासऱ्यांच्या खिशातला फोन थरथरायचा. सासऱ्यांनी कौतुकाने शेजारपाजारच्यांना बोलावून बटण दाबायला लावलं. जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे एका सुट्टीला तो सहज तिकडे गेला. बटण दाबलं, पण कोणी येईना. पुन्हा दाबलं. शेवटी दार ढकलून आत शिरला, तर सासरे निवांतपणे कोटाला बाही जोडत होते. तेवढ्यात त्यांनी मशीन थांबवलं, खिशातून फोन काढून पडद्यावर बोट फिरवलं, आणि फोन थरथरला.

"आलं वाटतं कोणी!" म्हणत ते उठले, तर समोर जावई.

"बाबा, हे असं कधीपासून चाललंय?" त्यांना ओठ दिसतील असं समोर उभं राहून त्याने विचारलं.

"छान चालतं की," सासरे बाहीकडे बघत म्हणाले.

"छान कसलं!" सासूबाई जिन्यातून ओरडून म्हणाल्या. "उठसूट खिशातून फोन काढून बघतात. मला वाटलं, या वयात कुठे सूत जुळलं की काय!"

सासरे ओशाळले. "तुम्ही एवढ्या हौसेने केलंत. बोट लावलं की जागं होतं, म्हणून मी आपला मधून मधून लावतो. त्यात काय एवढं?"

 जावई सासऱ्यांकडे तोंड करून चिंध्यांच्या गठ्ठ्यावर बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

"फोन बॅटरी वाचवायला न दिसणाऱ्या प्रोग्रॅमला झोपवतो. आणि बराच वेळ कोणी बोललं नाही, की बटण आणि फोन यांच्यामधलं यंत्रही जोडणी तोडून टाकतं. थोड्या थोड्या वेळाने 'आहेस ना?', 'आहे' एवढं तरी बोलणं व्हायला हवं. ते मी घातलंच नव्हतं."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखं," सासरे म्हणाले. "काम काही नसतं, तरी जिन्यातून डोकावून जाते."

"ऐकू येत नाही म्हणून डोकावते!" सासूबाई फणकारल्या, पण हसू लपलं नाही.

जावयाने आधी फोनच्या सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमला जागं राहायची परवानगी दिली. मग प्रोग्रॅममध्ये त्या 'आहेस ना?'च्या हाका घातल्या, पण घाईघाईने इतक्या जवळजवळ, की जेवणाआधीच फोन तापून बंद पडला. त्याने जीभ चावली आणि अंतर वाढवलं. दुपारभर फोनला कोणीही हात लावायचा नाही, असं ठरलं. सासऱ्यांचा हात चारदा खिशाकडे गेला. सासूबाईंनी चारदा डोळे वटारले.

उन्हं कलल्यावर जावई गुपचूप बाहेर गेला आणि त्याने बटण दाबलं. आत मशीन थांबलं. लगबगीची पावलं वाजली आणि दार सताड उघडलं. सासऱ्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"बोला, काय शिवायचं?"

"पँट," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी तिथेच उंबऱ्यावर त्याच्या कमरेभोवती टेप टाकली, आकडा पाहिला आणि आत ओरडले, "अगं, जावयांना कापड जास्त लागणार गं!"