पहाटे चारची बिडी

"काका, तीस गोळ्या दिल्या होत्या. सव्वीस तशाच आहेत."

उपकेंद्राच्या टेबलावर शिवानी सिस्टरनं बब्रुवानची पाकिटं उलटी करून ठेवली होती.

"चार घेतल्या की! महिन्यात चार रविवार. मटण खाल्लं, वरून एक घेतली. चरबीची गोळी हाय नव्हं? भाजी-भाकरीवर कशाला वाया घालवू?"

"बघा!" त्याची बायको उमाबाई दारातून करवादली. "फुकटच्या गोळीत काटकसर, अन् बिडीचं रोज अख्खं बंडल!"

सिस्टरला हसू आलं. "काका, चरबी नुसती मटणातून येत नाही. आपलं लिव्हर ती रोज बनवतं, उपाशी राहिलात तरी. म्हणून गोळी रोज. तुम्ही गावाला पाणी सोडता. पाइपात खार साचल्यावर काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू?"

खारानं बुजलेले पाइप बब्रुवाननं जन्मभर कापले होते. छातीत कळ आली तेव्हा त्याला तेच पाइप आठवले होते.

आता पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. बिडी सोडा. तालुक्याच्या दवाखान्यात एक डॉक्टर मान वर न करता ते म्हणाला होता, आणि म्हणता म्हणता पुढच्याला हाक मारली होती. भिंतीवर सडलेल्या फुप्फुसाचं चित्र लावलं की यांचं काम झालं. माणूस का ओढतो, हे विचारायला कुणाच्या बापाला वेळ आहे?

सिस्टरनं विचारलं, "दिवसातली पहिली बिडी कधी ओढता?"

"चारला. पहाटं."

"इतक्या लवकर? का?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बब्रुवाननं दाराकडं बघितलं. उमाबाईनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं.

"भूकंपाच्या दिशी बी चारलाच उठलो हुतो," तो म्हणाला. "आदल्या दिशी गणपती बुडवून आल्तो. समदी मेल्यागत झोपल्याली. म्या हातरुणातच काडी वढली. थोरला भाऊ, बजरंग, त्याला धुराचा लई राग. लाथ घातली मला. म्हनला, भाड्या, भाईर जाऊन मर. म्या अंगणात आलो. चार झुरके मारले असतील, अन् जमीन हलली. दगडामातीचं घर. आई, बजरंग, समदी आत." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "बिडी नसती तर म्या बी आतच. जिनं जीव वाचवला तिला टाकू कशी, सांगा."

बाहेर बाया खोळंबल्या होत्या. सिस्टरनं पेनाला टोपण लावलं.

"काका, एक विचारू? अंगणात कुणी घालवलं तुम्हाला?"

"बजरंगनं."

"मग उपकार कुणाचे?"

बत्तीस वर्षं बब्रुवाननं पानात गुंडाळलेल्या तंबाखूला हात जोडले होते, आणि लाथ घालून वाचवणारा भाऊ मातीत पडून होता. धूर नको एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तो उठला. पोरीच्या वयाच्या त्या बाईपुढं वाकून हात जोडायला लागला, तर तिनंच त्याचे हात धरले.

"काका, एकदम जमणार नाही. चारला जाग येईल, हात खिशात जाईल. उठा, अंगणात या, पाणी प्या. दर मंगळवारी इथं या. ओढली असेल तरी या. मी रागावणार नाही."

तो ओढूनही आला. तीनदा. ती खरंच रागावली नाही. चौथ्या मंगळवारी गोळ्यांची पाकिटं रिकामी होती आणि खिसाही.

सप्टेंबरच्या तीस तारखेला, भूकंपाच्या दिवशी, तो नेहमीसारखा पडलेल्या जुन्या गावठाणात गेला. बाभळींच्या मधे त्यांच्या घराचा उंबरा तेवढा उरला आहे, काळ्या दगडाचा. दरवर्षी तो उंबऱ्याबाहेर उभा राहून एक बिडी ओढायचा आणि परत फिरायचा. आत कधी गेला नव्हता.

यंदा त्यानं चपला काढल्या. सवयीनं हात खिशाकडं गेला आणि रिकामाच परत आला.

"दादा, धूर न्हाय आणला," तो म्हणाला. मग उंबरा ओलांडून आत गेला, आणि बजरंगचं अंथरूण असायचं त्या जागी, गवतात मांडी घालून बसला.