हा गुण धरणार नाही

"'स्वतःहून निर्णय घेत नाही.' हे कोणी लिहिलं?" मी कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटला.

"बाई, आधी बसा तर."

"बसायला नाही आले. कोणी लिहिलं ते सांगा."

"समितीनं."

"म्हणजे तुम्हीच."

"समितीत तिघं असतो आम्ही." मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीत सापडले की त्यांच्या चष्म्यावर हमखास धूळ बसते.

"तिघांनी मिळून एका पंचाबद्दल लिहिलंत की तो निर्णय घेत नाही? कमाल आहे! अहो, तो माणूस दिवसाला शंभर निर्णय देतो. तुमच्या अख्ख्या समितीचे वर्षभरात तेवढे होत नसतील."

आता मी कोण आणि हा पंच कोण, ते सांगायला हवं. मनोरुग्णांच्या या इस्पितळात मी बावीस वर्षं नोकरी करतेय. 'मनोरंजन उपचारतज्ज्ञ' असं माझ्या हुद्द्याचं लांबलचक नाव आहे. दारावरच्या पाटीवर ते मावलं नाही, म्हणून रंगाऱ्यानं शेवटची दोन अक्षरं बारीक काढली. इथे सगळे मला खेळबाई म्हणतात. आमचे हे तर घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "हिला खेळायचा पगार मिळतो." मिळतो तर मिळतो. तुम्ही एकदा येऊन दाखवा खेळून, मग बोला.

माझी खोली म्हणजे जुनी धोबीखोली. अजूनही दमट हवेत साबणाचा वास येतो. मधोमध टेबल टेनिसचं टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असते, तरी चेंडू जरा डावीकडे उतरतोच. या खोलीत नियम एकच. मुद्दाम हरायचं नाही. मी नाही, माझ्याशी रोज खेळणाऱ्या गवंडी नावाच्या रुग्णानं नाही, कोणीच नाही. नवा माणूस आला की आधी हेच सांगते. कारण इथे येईपर्यंत त्याच्याशी सगळे गोड गोड खोटं बोललेले असतात. घरचे म्हणतात, "चल, जरा फिरून येऊ," आणि फाटकाच्या आत सोडून निघून जातात. भेटायला येणारे म्हणतात, "पुढच्या महिन्यात नेतो हं." त्यात पुन्हा मी मुद्दाम चेंडू सोडून, "वा, जिंकलात की!" म्हणायचं? माझ्या जिवावर येतं. मी त्यांना अकरा-दोन असं हरवते. मग कधीतरी एखादा मला हरवतो आणि आठ दिवस खोलीभर छाती काढून फिरतो. ते खरं असतं.

पंच सोळा वर्षांपूर्वी आला. त्याआधी एका गोदामात वजनकाट्यावर कारकून होता. गोळ्यांनी हात इतके थरथरायचे की बॅट धरता येईना. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा, कोणाशी अवाक्षर नाही. एके दिवशी मी प्रयोगशाळेतलं उंच स्टूल उचलून आणलं, जाळीसमोर ठेवलं आणि म्हटलं, "इथे बसा. गुण मोजा." बसला. मग माझा एक फटका टेबलाच्या कडेपाशी पडला. मी ओरडले, "लागला!" आणि वरून पहिल्यांदा आवाज आला, "नाही लागला." मी हुज्जत घातली, हातवारे केले, पण तो बधला नाही. खरं सांगायचं तर चेंडू लागलाच नव्हता. त्या दिवसापासून तो पंच.

खोलीबाहेर तो मुकाच. आत बोलायचा, पण मोजकं. गुण सांगायचा. 'लागला', 'नाही लागला' म्हणायचा, आणि त्यालाच नीट दिसलं नसेल तर 'परत खेळा'. रोज सकाळी येऊन फळा पुसायचा, वर स्वच्छ अक्षरात वार आणि तारीख लिहायचा, मग स्टुलावर चढायचा.

त्याला घरी न्यायला बहीण तयार होती. धाकटी बहीण, शिवणकाम करते. दर महिन्याला यायची, भावासमोर तासभर बसून जायची. "ताई, मी खोली मोकळी केलीय," मला म्हणायची. "दादासाठी खिडकीपाशी पलंग लावलाय. आता फक्त यांची सही." पण सही होईना. समिती त्याला दोनदा बोलावून बसली. नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत. हा ढिम्म. दोन्ही वेळा नकार. तिसऱ्यांदा नकार आला की रुग्णाला मागच्या इमारतीत हलवतात. बावीस वर्षांत मागच्या इमारतीतून आपल्या पायांनी घरी गेलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. आणि तिसरी बैठक आठवड्यावर आली होती.

मी त्याला खडसावून विचारलं होतं, "समितीसमोर तोंडाला कुलूप का लावता हो तुम्ही?"

फळा पुसता पुसता म्हणाला, "आज वार कोणता, हे त्यांना माहीत असतं."

"मग?"

"मग विचारतात कशाला?"

तर त्या दिवशी कागद आपटून मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "समितीनं माझ्या खोलीत यायचं. तिथे बघायचं त्याला."

"समिती कार्यालयात बसते, बाई. धोबीखोलीत बसायची पद्धत नाही."

"मग या वेळी उभी राहील. नाहीतर मी त्याला आणणारच नाही. लिहा काय लिहायचं ते माझ्याविरुद्ध."

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "मी एकटा येतो. मंगळवारी दहाला, अर्धा तास. माझी सही झाली की बाकीचे दोघं करतात. आणि असं बघू नका, कॉलेजात मीही खेळायचो."

मंगळवारी आले. दारातच थबकून फळ्यावरचा वार वाचला, तारीख वाचली. बहीण बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आत भिंतीलगत दहा-बाराजण बसलेले, गवंडी सगळ्यांत पुढे. डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला लावला. खिशातून त्या कागदाची कड बाहेर डोकावत होती.

"चला बाई, होऊन जाऊ दे एक डाव."

"टेबल डावीकडे उतरतं, साहेब. आधीच सांगते."

कॉलेजात खेळले असतीलही, पण आता मनगट पार गंजलेलं. चार-एक झालं. गवंडी खुदकन हसला आणि डॉक्टरांचे कान लाल झाले. मी ते कान पाहिले, मग खुंटीवरचा कोट पाहिला, आणि माझ्या मनात आलं, अगं, मी हरले तर माझं काय जातंय? आपल्याच रुग्णांसमोर हरायला कोणाला आवडेल? सही याच हातानं व्हायचीय. एक डाव. बावीस वर्षांत एक डाव.

मी एक चेंडू जाळीत घातला.

"चार-दोन," पंच म्हणाला. आवाज जरा अडखळला.

दुसरा टेबलाबाहेर मारला.

"चार-तीन."

तिसरा अगदी हातात आला होता, लहान मुलीनंही मारला असता. मी बॅट फिरवली आणि चेंडू जाऊ दिला. तो भिंतीपर्यंत टपटपत गेला. वरून काहीच आवाज नाही.

"पंच, गुण सांगा," डॉक्टर म्हणाले.

स्टूल करकरलं. पंच खाली उतरत होता. सोळा वर्षांत डाव चालू असताना तो कधी खाली उतरला नव्हता.

"हा गुण धरणार नाही."

"का?"

"बाईंनी मुद्दाम सोडला."

मी म्हटलं, "अहो, सुटला माझ्या हातून!" बोलले खरी, पण माझं मलाच ऐकवेना.

"सुटला नाही. सोडलात." तो फळ्यापाशी गेला. "आधीचे दोनही. ते मी धरले, माझं चुकलं." खडू उचलून त्यानं खरा गुण लिहिला. "चार-एक."

लाजेनं माझे कान तापले आणि रागही आला. अरे बाबा, माझ्या जन्माचा नियम मी तुझ्यापायी मोडला, आणि तू मलाच खोटी पाडतोस? "कोणासाठी सोडले ते कळतंय का तुम्हाला?" मी म्हटलं.

"कळतंय," पंच म्हणाला. "तरी नाही."

डॉक्टर बॅट हातात धरून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "मी हरलो आणि माझं डोकं फिरलं तर? त्या कागदाचं काय होईल, याची भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

"कागद तुमचा आहे, गुण माझे." तो परत स्टुलावर चढला. "खेळा. सर्व्हिस बाईंची."

मग मी खेळले. तोंड पुसलं, पदर खोचला आणि अशी खेळले की डॉक्टरांच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला. दयामाया केली नाही. काय व्हायचं ते होवो, पण त्या स्टुलासमोर मला पुन्हा खोटं पडायचं नव्हतं. डॉक्टरही नंतर जिद्दीला पेटले, एक फटका तर असा सुरेख मारला की मीच "वा!" म्हटलं.

"अकरा-पाच. बाई जिंकल्या."

गवंड्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली, धापा टाकत बसले, कोटातून कागद काढला आणि गुडघ्यावर धरला. मग मान वर करून पंचाला म्हणाले, "तुम्हाला बहिणीकडे जायचंय का?"

मी चमकले. समितीच्या दोन बैठका झाल्या, सोळा वर्षं झाली, पण हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. माझी मलाच लाज वाटली.

पंचानं वेळ घेतला. कडेला पडलेल्या चेंडूबद्दल ठरवताना घ्यायचा तेवढाच.

"ती मनापासून नेतेय?"

"बाहेर बसलीय. तिलाच विचारा."

तो उतरला, दाराशी गेला. बहीण धडपडत उभी राहिली, पिशवी खाली पडली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं काही म्हणायच्या आधीच वळून म्हणाला, "जायचंय."

डॉक्टरांनी ती ओळ खोडली. दोनदा रेघ मारली, मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "बाई, हा कागद नीट टेकवायला काहीतरी द्या." मी त्यांना बॅट दिली. बॅटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

शुक्रवारी तो गेला. बहिणीनं नवा शर्ट शिवून आणला होता, बाह्या जरा लांब झाल्या होत्या. निघायच्या आधी पंच खोलीत आला. फळा पुसला, वार लिहिला, तारीख लिहिली, खडू खाचेत ठेवला.

"बाई, मुद्दाम सोडू नका," म्हणाला.

"नाही हो सोडणार. जा आता, ती थांबलीय."

फाटकापर्यंत मी गेले नाही. खोलीचं दार लावून घेतलं आणि जाळीचा खांब धरून भरपूर रडले. आनंदानंच रडले म्हणा, पण मला तो माणूस हवा होता.

सोमवारी मी आणि गवंडी खेळत होतो. आठ-आठ झाले होते. माझा एक फटका त्याच्या बाजूला अगदी कडेशी गेला आणि चेंडू खाली पडला.

"लागला," मी म्हटलं.

"नाही लागला," गवंडी म्हणाला.

दोघांनीही मान वर केली. भिंतीलगत बसलेल्यांनीही केली. स्टूल जाळीसमोर होतं तिथेच होतं. कोणीही जाऊन बसू शकलं असतं. कोणी उठलं नाही.

गवंडी वाकला, चेंडू उचलला आणि शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

"परत खेळू," म्हणाला.

आम्ही तो गुण परत खेळलो.