राजीनामा, दहा बाय आठ

माझा पहिला राजीनामा शेठनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "याला हेडिंग नाही."

जव्हारच्या बस स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे मी डिझायनर होते. चार वर्षं मी तालुक्यातल्या माणसांना गॉगल लावले, ढगांतून बाहेर काढलं, वाघाशेजारी उभं केलं. ज्यांचं घरात कोंबडीही ऐकत नाही त्यांच्या नावाआधी 'भावी' लिहिलं. मला हे काम फार आवडायचं. सकाळी मोखाड्याहून जीपने येताना रस्ताभर माझेच फ्लेक्स दिसायचे, आणि मी खिडकीतून मिशा मोजत यायचे, कारण त्यातल्या निम्म्या मीच लावलेल्या होत्या.

दुकानात माणसं तीन. मालक हेमराज शेठ, मी, आणि लक्ष्मणमामा. मामा मशीन चालवतात, फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकतात आणि शिडीवर चढून तो बांधतातही.

मग वसईच्या एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं. काम खोक्यांचं. बिस्किटाची खोकी, साबणाची खोकी. तिथल्या बाईंनी माझं काम शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "रोशनी, यात सगळंच इतकं मोठं का आहे?"

चार वर्षांत उत्तर न आलेला तो पहिला प्रश्न. नोकरी मिळाली. परतीच्या एसटीत विक्रमगड येईपर्यंत मी ठरवून टाकलं की जायचं.

घरी आईला सांगितलं. आई तेव्हा नागलीची भाकरी थापत होती आणि थापत राहिली.

"शेठ ओरडतो?"

"नाही."

"पगार थकवतो?"

"नाही."

"घरी त हसत येतंस."

"हो."

"हसत येणारं माणूस नोकरी सोडतं का? बापाला विचार, तो वीटभट्टीवरून कधी हसत आला का."

बाबांनी दारातूनच मान हलवली. कधीच नाही.

"आई, तिथे मला काहीच येत नाही."

"मग कशाला जातंस?"

"म्हणूनच."

आईने भाकरी उलटली. वसईला मावसबहीण काशी राहते, तिच्याकडे मी राहीन, सोमवारी हजर व्हायचंय, असं सगळं मी सांगितलं. आई म्हणाली, "ते काय नाय."

पण खरी अडचण आई नव्हती. सोमवारी कंपनीत जाताना आधीच्या मालकाचं 'हिला कामातून मोकळं केलं आहे' असं पत्र न्यायचं होतं. ते नसेल तर जागा दुसऱ्याला. आणि शेठच्या मते कागदावरची गोष्ट ही गोष्टच नाही. जे फ्लेक्सवर आलं ते घडलं. खोडाळ्याच्या एका लग्नात फ्लेक्स पोचायला उशीर झाला, तर हळद लागूनही नवरदेव दोन तास कोणीच नव्हता. त्याला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. हे शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

राजीनामा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर माझा फ्लेक्स होता. तीन बाय दोन. 'कु. रोशनी यांची सीनिअर डिझायनरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो आधार कार्डावरचा.

"शेठ, मला वसईला जायचंय."

"ग्रोथ पाहिजे म्हणालीस ना? झाली ग्रोथ."

मी दुसरा राजीनामा दिला. हेडिंग घालून. दुसऱ्या दिवशी सहा बाय चार. 'जव्हार-मोखाडा विभागप्रमुखपदी.' विभागात लक्ष्मणमामा होते. ते आदल्या दिवशी बसले होते त्याच स्टुलावर बसले होते, पण आता माझ्या हाताखाली. दुपारी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, चहाला जाऊ का?" मी म्हटलं, "मामा, मस्करी नका करू." ते म्हणाले, "मस्करी नाही, फ्लेक्स वाचला मी."

गुरुवारी तिसरा राजीनामा. शुक्रवारी आठ बाय सहा, थेट चौकात. 'राष्ट्रीय समन्वयक.' त्यात शेठ माझ्याशी हात मिळवत होते. तो हात माझा नव्हता. मनगटावरच्या घड्याळावरून ओळखलं, पतपेढीच्या चेअरमनचा होता. कापायला मीच कापला होता, मागच्या दिवाळीत.

शहराने लगेच मान्य केलं. जीपवाल्या तुषारने मला पुढची सीट दिली आणि तिथल्या म्हाताऱ्याला मागे पाठवलं. बँकेतल्या अक्षदाताई म्हणाल्या, "दिल्लीला जावं लागेल का गं?" शाळेतल्या सरांनी भाच्याचा बायोडाटा आणून दिला. आणि सगळे एकच म्हणत होते, आता कशाला जातेस, आता तर तुझं झालं.

हे 'झालं' माझ्या डोक्यात गेलं. चोवीस वर्षांच्या माणसाचं होतं कसं?

शनिवारी शेठ जेवायला घरी गेले. मी संगणक उघडला. आमच्याकडे चार फोल्डर: वाढदिवस, अभिनंदन, स्वागत, श्रद्धांजली. माणूस जिवंतपणी कुठे चाललाय असा फोल्डर नव्हता. जवळात जवळ श्रद्धांजली, पण तिच्यात समई हलवता येत नाही.

म्हणून मी कोरं पान उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदा. अर्धा तास मला काही सुचलं नाही. अक्षर बसेना, रंग लागेना, वाघ ठेवावा की नाही कळेना. फार बरं वाटलं.

शेवटी पांढऱ्यावर काळं केलं. दहा बाय आठ. वाघ नाही.

'मी, रोशनी, या दुकानातली नोकरी सोडत आहे. नोकरी चांगली आहे. शेठ चांगले आहेत. तरीही सोडत आहे. सदर राजीनामा राष्ट्रीय समन्वयकांनी मंजूर केला आहे.' खाली सही माझी. राष्ट्रीय समन्वयक मीच होते.

मामांनी वाचलं. "शेठला विचारलंस?"

"मामा, विभागप्रमुख कोण आहे?"

ते चौकाच्या दिशेला बघत राहिले. "तू आहेस."

"आणि देशात?"

"तूच," मामा म्हणाले आणि मशीन चालू केलं.

शेठ परत आले तेव्हा फ्लेक्स दुकानाच्या वर बांधून झाला होता आणि खाली पंधराएक माणसं वाचत होती. त्यात शिरपामाळ कुठे आहे ते विचारायला थांबलेलं एक पुण्याचं कुटुंबही होतं. शेठनी गाडी लावली, चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. 

"लक्ष्मण, उतरव."

मामा शिडीशेजारीच उभे होते. "शेठ, मंजुरी वरून आलीय."

"वरून म्हणजे?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

शेठ माझ्याकडे वळले. "मी काय कमी केलं तुला?"

"काही नाही, शेठ."

"मग?"

"तुम्ही मला आठवड्यात तीनदा बढती दिलीत. एकदाही मी काही नवीन शिकले नाही."

"तिकडे खोक्यावर नाव येणार आहे का तुझं? इथं चौकात फोटो आहे तुझा."

"नाही येणार."

"तरी जाणार?"

"तरी जाणार. पत्र नाही दिलंत तर हा फ्लेक्स गुंडाळून नेईन आणि त्यांच्या टेबलावर उलगडेन."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "टेबलावर मावायचा नाही." ते बरोबर होतं.

शेठनी पुन्हा वर पाहिलं. आता ते धंद्याच्या नजरेने बघत होते, मला ती नजर माहीत आहे. "शुभेच्छुक कुठायत?"

फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छुकांची रांग लागते. गोल गोल फोटो, हात जोडलेले. ती रांग नसेल तर लोक त्याला फ्लेक्स म्हणत नाहीत, वीजबिल थकल्याची नोटीस म्हणतात. मी जागा सोडली होती, पण घालायला कोणी नव्हतं.

"कोणीच जा म्हणालं नाही, शेठ. मग कोणाला टाकू? राहू दे रिकामी. मी कोणाच्या शुभेच्छांवर चाललेले नाही."

शेठ आत गेले. खण उघडल्याचा आवाज आला. आता माझा चौथा फ्लेक्स लागणार, बहुतेक जागतिक काहीतरी, असं मला वाटलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पत्र होतं, शिक्का मारलेलं, त्याला हेडिंगही होतं. दुसऱ्या हातात त्यांच्या पन्नाशीच्या वाढदिवसाच्या फोटोचं गोल स्टिकर होतं, गॉगलवालं.

पत्र त्यांनी मला दिलं. स्टिकर मामांना दिलं. "डावीकडून पहिला मी," ते म्हणाले. "आणि सरळ लाव."

सोमवारी सकाळी तुषारने मला जीपमध्ये मागे बसवलं. "आता तू कोणीच नाहीस ना," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. पुढच्या सीटवर तो म्हातारा परत आला होता आणि मागे वळून वळून माझ्याकडे बघत होता.

जव्हारला उतरून एसटीकडे जाताना मी दुकानाच्या वर पाहिलं. रविवार एवढाच मध्ये गेला होता, तरी रांग भरली होती. शेठ. मग लक्ष्मणमामा. मग एक भावी नगरसेवक, ज्यांना मी ओळखत नाही, पण त्यांना जागा रिकामी दिसली की राहवत नाही. मग अक्षदाताई, आणि सरांचा भाचा.

सगळ्यात शेवटी मतदान ओळखपत्रावरचा आईचा फोटो. ती रविवारी 'बाजाराला जाते' म्हणून जव्हारला आली होती आणि काही न घेता परत आली होती. फोटोत हात जोडलेले नव्हते, चेहरा रागावलेला होता. कोणीतरी, बहुधा मामांनी, तिला गॉगल लावायचं टाळलं होतं.

मी तिला फोन केला.

"पाहिला," मी म्हटलं.

"मग अजून तिथं काय करतंस?" आई म्हणाली. "फ्लेक्सवर आलंय. जा आता."