बापाचं नाव

"म्हणजे आपण राजाभाऊंचे चिरंजीवच ना?" फोनवरच्या बाईंनी फार आदराने विचारलं.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका जुन्या इमारतीच्या पंपरूममध्ये जगन्नाथ मिरीकर ओल्या फरशीवर उकिडवा बसला होता. पंपाचं सील गेलेलं, वरच्या मजल्यांवर पाणी नाही, वॉचमन सारखा डोकावतोय आणि अशात हा दिल्लीचा फोन. त्याने हातातला पाना मदतनीस हमदुल्लाकडे दिला आणि तो उठून रॅम्पवर उजेडात आला.

"चिरंजीव नाही हो. मी आश्रमातला मुलगा."

"हो, पण आपलं नाव जगन्नाथ राजाराम मिरीकर. म्हणजे वडील राजाराम मिरीकर. बरोबर?"

"कागदावर बरोबर."

"मग झालं तर! आरोपांवर कुटुंबीयांना बाजू मांडायची संधी असते. आपलं नाव कुटुंबीयांत आहे."

घ्या! देशभरातल्या जुन्या आश्रमांत आणि वसतिगृहांत मुलांचं काय काय झालं, याची चौकशी करायला आयोग बसला होता. उशिरा का होईना, बसला होता. जगन्नाथने महिनाभर मनाशी झटापट करून मेल पाठवली होती की मला साक्ष द्यायची आहे. आणि आयोगाने त्याला नेऊन बसवलं कुठे, तर राजाभाऊंच्या मांडीला मांडी लावून.

"मॅडम, मला त्यांच्या बाजूने बोलायचं नाही. त्यांच्याबद्दल बोलायचंय."

पलीकडे शोभनाबाई जरा गोंधळल्या. "पण आडनाव एकच आहे, म्हणून इथे कुणीतरी... थांबा, मी साहेबांशी बोलते." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हीसुद्धा का?"

"हो," जगन्नाथ म्हणाला. एवढंच म्हणाला.

"उस्ताद, पानी छोडूं?" खालून हमदुल्ला ओरडला.

"छोड, छोड. यल्ला, जल्दी," जगन्नाथने ओरडून सांगितलं. कुठल्याही दिवशी दिलं असतं तसंच उत्तर.

आता यात आयोगाच्या कारकुनाला तरी किती बोल लावणार? आश्रमाची रीतच तशी होती. आईबापाचा पत्ता नसलेली मुलं शाळेत घालायची तर बापाचं नाव हवं. राजाभाऊ मिरीकरांनी आपलं स्वतःचं नाव देऊन टाकलं, एकाला नाही, सरसकट सगळ्यांना. हजेरी घेताना मास्तरांची जीभ मिरीकर, मिरीकर करून थकायची. गावाला केवढं कौतुक! शंभर मुलांचा बाप म्हणून सत्कार, हार, शाल, नारळ. गेले तेव्हा गावाने दुकानं बंद ठेवली. असला देवमाणूस दुपारी जेवण झालं की एखाद्या मुलाला पाय चेपायला खोलीत बोलवायचा आणि दार आतून लावून घ्यायचा, हे कोण कुणाला सांगणार? आणि सांगायचं ते काय, माझे बाबा असं करतात म्हणून? त्यांना बाबाच म्हणायचा नियम होता.

जगन्नाथ आयटीआय शिकला, दुबईला आला, पंपात आयुष्य घातलं. बायको केली, मुलगा झाला. नाव मात्र सुटलं नाही. पासपोर्टवर तेच, एमिरेट्स आयडीवर तेच, घराच्या भाडेपट्ट्यावर तेच. गणपतीत एखादा पाहुणा हटकून विचारायचा, "अरे वा, राजाभाऊंचे का तुम्ही?" आणि जगन्नाथ प्रसादाच्या वाटीत मान घालून "हो" म्हणायचा. त्या "हो"ची त्याला स्वतःचीच किळस यायची.

संध्याकाळी अल मनखूलच्या घरी, फ्लॅटमध्ये, बायकोने, सुलभाने, सगळं ऐकून घेतलं आणि हातातली कोथिंबीर ताटात टाकली.

"अहो, आत्ताच सुचलं तुम्हाला? आपल्या प्रणवच्या लग्नाचं बोलायला सृष्टीच्या घरचे शुक्रवारी जेवायला येणारेत. तिचे वडील फोनवर काय म्हणाले ठाऊक आहे? मिरीकरांच्या घरात मुलगी जाते हे आमचं भाग्य म्हणाले."

"मग त्यांना सांग, घर नाही, आश्रम आहे."

"चेष्टा नकोय मला. माणूस मेला, खलास. आता कशाला उकरायचं? पोराच्या नावाला बट्टा लागेल."

"बट्टा आहेच. मी फक्त दाखवणार."

"आणि मला? मला इतक्या वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाहीत ते?"

"तू विचारलंस कधी?"

सुलभा ताडकन काहीतरी बोलणार होती, पण मग हळू आवाजात म्हणाली, "विचारलं होतं. लग्नानंतर. दिवसभर उभं राहून तुमचे पाय सुजले होते, मी चेपायला बसले तर तुम्ही मला ढकललंत. मी विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, गुदगुल्या होतात."

जगन्नाथ खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कुणीतरी गाडी लावायला जागा मिळेना म्हणून हॉर्न वाजवत होतं.

"मी सगळ्यांना सांगत आले हो," सुलभा म्हणाली, "आमच्या ह्यांना फार गुदगुल्या होतात म्हणून. हसत हसत सांगत आले." तिला रडू फुटलं. मग पदराने तोंड पुसून तिने कोथिंबीर परत निवडायला घेतली. "जा. सांगून या काय ते. शुक्रवारचं मी बघते."

साक्ष भारतीय वकिलातीतल्या एका खोलीत, व्हिडिओवर होती. प्रणवने गाडी चालवली. तो इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला. बापाने गाडीत अर्धंमुर्धं सांगितलं तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून "आय ॲम सो सॉरी, बाबा" म्हणाला आणि पुढे काय बोलावं ते त्याला मराठीतही सुचलं नाही, इंग्रजीतही नाही. "डू यू वॉन्ट मी इन देअर?" त्याने विचारलं.

"ये. तुझंही नाव आहे ना तेच."

पडद्यावर आयोगाचे अध्यक्ष होते, थकलेले निवृत्त न्यायमूर्ती. शेजारी शोभनाबाई, आणि एका कोपऱ्यात मिरीकर कुटुंबाचे वकील. वकिलातीतला कारकून टेबलाशी बसला होता.

"साक्षीदाराने आपलं पूर्ण नाव सांगावं," शोभनाबाई म्हणाल्या.

"जगन्नाथ."

"पूर्ण सांगा."

"पुढचं तुमच्याकडे आहे, मॅडम. आरोपीच्या नावात."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. सांगा तुम्ही."

मग जगन्नाथने सांगितलं. दुपारची खोली सांगितली, दाराची आतली कडी सांगितली. पळून गेलेल्या एका पोराला पोलिसांनी "हा घ्या तुमचा मुलगा" म्हणून परत आणून दिलं होतं, तेही सांगितलं. बोलताना त्याचा आवाज चढला नाही. पंपाचं काय बिघडलं हे मालकाला समजावून सांगावं तसा तो बोलत होता. मागच्या खुर्चीत प्रणव गुडघ्यांवर कोपरं टेकवून खाली बघत होता.

वकिलांची पाळी आली. माणूस सभ्य होता, हळू बोलणारा. "मिरीकरसाहेब, एकच विचारतो. हे नाव तुम्ही आयुष्यभर लावलंत. मुलालाही दिलंत. इतका तिटकारा होता तर बदललं का नाही? बदलता येतं की."

जगन्नाथला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. आलं ते हसू, आणि ते फार कडू होतं.

"बदलून काय लावू, साहेब? जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक असं राजपत्रात छापावं लागतं. तमुक मला माहीत असतं तर मी आश्रमात कशाला असतो? आईबापाने टाकलं तेव्हा नाव दिलं नव्हतं. ज्याने दिलं त्याने त्याची किंमत वसूल केली. पोराला तरी दुसरं कुठून आणून देऊ?"

वकिलांनी पुढ्यातली फाईल मिटली. अध्यक्ष म्हणाले, "आयोग आपला आभारी आहे." हे ते रोज कितीतरी जणांना म्हणत असतील. तरी म्हणताना त्यांनी मान खाली घातली, एवढं जगन्नाथने पाहिलं. पडदा काळा झाला.

कारकुनाने छापलेला जबाब पुढे केला. "इथे सही करा."

जगन्नाथने पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबला. त्याची सही ठरलेली होती, ज. रा. मिरीकर, शेवटी एक लफ्फेदार रेघ. ती वळणदार काढायला कुणी शिकवली होती, हेही त्याला पक्कं आठवत होतं. त्याने टोपण परत लावलं.

"अंगठा चालेल का?"

"अंगठा?" कारकून म्हणाला. "चांगले शिकलेले दिसता की."

"बाबा, यू कॅन राइट," प्रणव मागून कुजबुजला.

"येतं रे लिहायला. सही त्यांची आहे. अंगठा माझा आहे."

कारकुनाने खांदे उडवले आणि मजुरांसाठी ठेवलेलं शाईचं पॅड कपाटातून काढून दिलं. जगन्नाथने अंगठा टेकवला, कागदावर दाबला. ठसा उठला तो नुसता निळा डाग. कारकून म्हणाला, पुन्हा द्या. त्याने पुन्हा दिला. पुन्हा डागच. गंजलेले बोल्ट, ग्रीस, रॉकेलने धुतलेले हात. सगळ्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या.

प्रणव उठून जवळ आला होता. त्याने बापाचं मनगट धरून अंगठा स्वतः हलकेच पॅडवर फिरवला आणि कागदावर टेकवला.

कारकुनाने कागद उजेडात धरून पाहिला. "याच्यावरून माणूस कोण ते कळायचं नाही हो."

"नाही कळलं तरी चालेल," जगन्नाथ म्हणाला. "त्यांचा नाही, एवढं कळलं की पुरे."